बदकाची अंडी आणि मांस: कामोठे-पनवेल पट्ट्यात गिऱ्हाईक कोण, माल कुठला, आणि गावच्या माणसाला यात काय मिळतं?

कामोठे, कळंबोली, खांदेश्वर, खारघर या पट्ट्यात चिकनचं दुकान शोधावं लागत नाही, दर चौकात एक आहे. बदकाचं मात्र शोधावंच लागतं. अंडी एखाद्या मल्याळी किंवा बंगाली किराणा दुकानात कधी असतात, कधी नसतात. मांस तर बहुतेक वेळा आधी सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाही. हे बघून गावाकडचा माणूस सरळ हिशेब करतो की मागणी आहे, माल नाही, तर आपण बदकं पाळू. पेण, उरण, कर्जत, खालापूर आणि पनवेल तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत भातशेती आहे, पाणी आहे, आणि तासा-दीड तासावर शहर आहे.

हिशेब अर्धा बरोबर आहे. मागणी आहे, पण ती रोजची नाही आणि सगळ्यांची नाही. दोनशे पिल्लं उधारीवर आणून मग गिऱ्हाईक शोधायला निघालं, तर सहा महिन्यांनी अंड्यांचे ट्रे घरात साचतात आणि खाद्याचं बिल थांबत नाही. म्हणून पिल्लांच्या आधी गिऱ्हाईक मोजायचं. ते कसं मोजायचं आणि खर्च कसा धरायचा, ते या लेखात आहे.

खाणारे कोण?

आपल्या आगरी-कोळी घरांत, कुणबी-मराठा घरांत बदक फारसं शिजत नाही. गटारीला गावठी कोंबडा, जत्रेला बोकड, एरवी मासळी. बदकाला वशट वास येतो, मांस चिवट असतं, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. चिवटपणाचं खरं आहे, पण ते म्हाताऱ्या बदकाचं. कोवळं बदक नीट शिजवलं तर तसं लागत नाही. तरीही सवय ही सवय असते, आणि ती बदलायच्या भरवशावर धंदा उभा करू नये.

आधीपासून बदक खाणारी माणसं मात्र नवी मुंबईत भरपूर आहेत. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत शेतं-मिठागरांच्या जागी शहर उभं राहिलं. नोकरीसाठी आलेले लोक आपापलं जेवण सोबत घेऊन आले. वाशीला रेल्वे स्टेशनजवळ केरळ भवनही आहे आणि आसाम भवनही, यावरून इथल्या वस्तीचा अंदाज येतो. कामोठ्याच्या इमारतींतही केरळ, बंगाल, आसाम, ओडिशा इथली कुटुंबं राहतात.

केरळचे ख्रिस्ती लोक नाताळ आणि ईस्टरला बदक करतात. कुट्टनाड या पाणथळ भागातला मसालेदार बदक रोस्ट तिकडे सणाचं जेवण मानलं जातं. यातली एक गोष्ट विक्रेत्याने लक्षात ठेवायला हवी. सीरियन ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी साधारण 25 दिवस आणि ईस्टरच्या आधी 50 दिवस मांस वर्ज्य करण्याची प्रथा आहे. म्हणजे नोव्हेंबरअखेर तुम्ही बदक घेऊन गेलात तर अशा घरी दार वाजवून उपयोग नाही. मागणी येते ती सणाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, एकदम.

बंगाली घरांत मांसापेक्षा अंड्याची ओढ जास्त. बदकाच्या अंड्यांचा रस्सा हा त्यांच्याकडे रोजच्या जेवणातला पदार्थ आहे, सणाची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते गावच्या उत्पादकासाठी हेच सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, कारण ते दर आठवड्याला परत येतं. आसामी लोक थंडीत बदक खातात. कोहळा घालून केलेलं बदक त्यांच्याकडे प्रसिद्ध आहे, आणि जानेवारीच्या मध्यात माघ बिहू येतो.

चौथं गिऱ्हाईक आपलंच, मराठी बोलणारं आहे. मुंबई, ठाणे, वसई, उरण भागातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज. त्यांच्याकडे बदकाचं मोयले हा सणाचा पदार्थ आहे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. उरण-पनवेलच्या माणसाला हे लोक परके नाहीत. तरी अनेकदा पाळणारा एका गावात आणि खाणारा शेजारच्या गावात असतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

बाकी मग बेकरी-केक करणारे काहीजण मोठ्या पिवळ्या बलकासाठी ही अंडी घेतात आणि काही हॉटेलं मागवतात. कोंबडीचं अंडं सोसत नाही म्हणून बदकाचं मागणारेही भेटतात. त्यांना मात्र डॉक्टरला विचारायला सांगा, कारण कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना बदकाचंही अंडं बाधतं.

माल येतो कुठून?

2019 च्या पशुगणनेत देशात कोंबड्या-बदकं मिळून 85 कोटींवर पक्षी मोजले गेले. त्यात बदकं शेकड्यात चार-पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि त्यातली सर्वात जास्त पश्चिम बंगाल आणि आसामात. दक्षिणेत केरळ, तामिळनाडू, आंध्र इथे भातकापणी झाली की बदकांचे कळप शेताशेतांतून फिरवायची पद्धत आहे. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे यांवर ती जगतात. पाळणारे कळपामागून गावोगाव जातात, अगदी आपल्याकडच्या धनगरांसारखे. अंडी स्वस्त पडतात ती या चराईमुळे.

महाराष्ट्रात बदकपालन असं एका जागी एकवटलेलं दिसतं ते पूर्व विदर्भात. तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश तो. गडचिरोली जिल्ह्यात वडसा इथे सरकारी बदक पैदास केंद्र आहे. त्याच जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं वसली, म्हणजे पाळणारेही तिथे आणि खाणारेही तिथेच. कोकणात मात्र बदक म्हणजे तळ्याकाठच्या घरची पाच-दहा. अंडी घरात खाल्ली जातात, उरली तर शेजारी जातात. बाजारापर्यंत येईल इतका माल साचत नाही.

म्हणून नवी मुंबईत मिळणारं बदक बरंचसं बाहेरचं असतं. सणाच्या काळात गोठवलेलं मांस येतं, अंडी दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून येतात. तुमचा फायदा एवढाच की तुमचं अंडं कालचं असतं. तो लहान नाही, पण तो गिऱ्हाइकाला दिसायला हवा. ट्रेवर तारीख लिहून द्या.

दर कोण ठरवतं?

कोंबडीच्या अंड्याचा दर रोज सकाळी कळतो. 1982 साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शहरवार दर जाहीर करते, मुंबईचाही करते. बदकाच्या अंड्याला असा रोजचा दर नाही. त्यामुळे एका दुकानात एक भाव, दुसऱ्यात दुसरा, आणि गावात येणारा व्यापारी सांगेल तो तिसरा. व्यापारी बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्याच्या दरावर दोन रुपये वाढवून देतो आणि उपकार केल्यासारखं बोलतो. तो भाव तुम्हाला परवडतो का, हे कळायला आपला खर्च आधी माहीत हवा.

पन्नास बदकांचा हिशेब

खाली खाद्याचा दर किलोला 35 रुपये धरला आहे, तो फक्त उदाहरणासाठी. तुमच्या गावचा आजचा दर घाला आणि गुणाकार स्वतः करा.

खाकी कॅम्पबेल जातीची 50 माद्या पिल्लं घेतली. एक बदक 20 आठवड्यांचं होईपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य खातं. पन्नासांचं झालं 625 किलो, म्हणजे 21,875 रुपये. एवढे पैसे पहिलं अंडं बाजारात जाण्याआधी गेलेले असतात. पिल्लांची किंमत, मर, लस, खुराडं हे वेगळं.

अंड्यावर आल्यावर दिवसाला 150 ग्रॅम खाद्य धरू. पन्नासांना साडेसात किलो, म्हणजे 262 रुपये रोज. चांगली निगा असेल तर शंभरातली 65 बदकं रोज अंडी देतात असं धरलं, तर पन्नासांची 32-33 अंडी. एका अंड्यामागे नुसतं खाद्यच आठ रुपये! सुरुवातीचे 21,875 वर्षभराच्या सुमारे 11,800 अंड्यांवर वाटले तर आणखी पावणेदोन रुपये. म्हणजे पूर्ण विकतच्या खाद्यावर अंडं दहा रुपयांना पडतं, आणि त्यात तुमची मजुरी धरलेली नाही.

आता गावठी बदक घ्या. ते वर्षाला शे-सव्वाशे अंडी देतं. पन्नासांची रोजची पंधरा. तेवढंच खाद्य विकत घातलं तर अंड्यामागे सतरा रुपयांच्या पुढे खर्च. गावठी बदक विकतच्या खाद्यावर पाळायचंच नसतं, ते चरून जगलं तरच परवडतं.

आणि चराई मिळाली तर? अर्धं खाद्य शेतातून, तळ्यातून आलं की खाकी कॅम्पबेलच्या अंड्याचा खाद्यखर्च चार रुपयांवर येतो. म्हणजे हा सगळा धंदा तुमच्या गावात बदकांना चरायला जागा आहे की नाही यावर उभा आहे. जागा नसेल तर जास्त भाव देणारं गिऱ्हाईक हाताशी असल्याशिवाय यात पडू नका.

गिऱ्हाइकांचाही गुणाकार करू. कामोठ्यातल्या 100 घरांनी आठवड्याला अर्धा डझन अंडी घ्यायचं कबूल केलं, तर आठवड्याची 600 अंडी, रोजची 86. त्यासाठी 130 च्या आसपास खाकी कॅम्पबेल लागतील. शंभर घरं म्हणजे तीन-चार सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि दोन दुकानदार. हे जमण्यासारखं आहे, पण शंभर घरं कागदावर लिहून झाल्यावरच 130 पिल्लं आणायची. आज वीसच घरं मिळाली असतील तर 25-30 बदकं पुरे.

कोणती जात, पिल्लं कुठून?

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. ही इंग्लंडमध्ये तयार झालेली जात, रंगाने खाकी, अंगाने हलकी. साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला 240 च्या पुढे अंडी देते. अंडं 65 ते 75 ग्रॅमचं. मांसासाठी व्हाइट पेकिन, पांढरी, जड. चांगल्या खाद्यावर सात-आठ आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. चेहऱ्यावर लाल गाठी असलेलं मोठं बदक अनेक गावांत दिसतं, ते मस्कोव्ही. ते ओरडत नाही, मांस चांगलं, पण अंडी कमी.

सुधारित पिल्लांसाठी केंद्र सरकारच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं बंगळुरूजवळचं हेसरघट्टा केंद्र जुनं आणि ओळखीचं आहे, तिथे बदकांची पैदास होते. याच संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत गोरेगावला आरे कॉलनीत आहे. चौकशी आणि प्रशिक्षण यासाठी आपल्याला ते जवळ. फोन करून काय उपलब्ध आहे ते विचारूनच जा. खासगी हॅचरीकडून किंवा ऑनलाइन जाहिरात बघून पिल्लं मागवत असाल तर आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका, आणि नर किती-माद्या किती हे लिहून घ्या. अंडी खायला विकायची असतील तर नर लागतच नाही, तो फुकट खाणारा. पिल्लं घरीच काढायची असतील तर पाच-सहा माद्यांमागे एक नर.

नर-मादी ओळखायची सोपी खूण: मोठी झाल्यावर मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घोगरा येतो, आणि नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. मस्कोव्हीला ही पिसाची खूण लागू नाही.

खाकी कॅम्पबेल मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. आपल्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात, ती पद्धत चांगलीच आहे. फक्त कोंबडीला 21 दिवसांची सवय, बदकाला 28 लागतात, आणि मस्कोव्हीला 35. कोंबडी मधेच उठणार नाही याकडे लक्ष ठेवा, अंड्यांवर अधूनमधून कोमट पाण्याचा हलका शिपका द्या.

भातखाचरातलं बदक

पोहायला तळं हवंच असं नाही. प्यायचं भांडं एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, नाहीतर डोळे आणि नाक चिकटतात. पण तळं किंवा खाचर असेल तर खाद्य वाचतं, ते वर बघितलंच.

लावणी झाल्यावर रोपं पक्की धरली की छोटी बदकं खाचरात सोडायची पद्धत जपानपासून बंगालपर्यंत आहे. ती तण खातात, किडे-गोगलगायी टिपतात, चिखल ढवळतात, आणि त्यांची विष्ठा खताला जाते. लोंबी धरायला लागली की मात्र बाहेर काढायची, नाहीतर भात तीच खातील. कापणीनंतर पुन्हा सोडता येतात. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या पनवेल नावाच्या जाती तिथून आल्या. अशा खारपट्ट्यातही बदकं चरतात, पण प्यायला गोडं पाणी वेगळं ठेवायला लागतं. आणि जिथे कीटकनाशक किंवा तणनाशक मारलंय त्या खाचरात बदकं नेऊ नका. शेजाऱ्याने मारलं असेल तर पाणी बांधावरून तुमच्याकडे येतंच.

रायगडात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. बदकाला पाऊस मानवतो, खाद्याला नाही. ओलसर पोत्यात बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. कोंबडी ज्या खाद्यावर तग धरते त्यावर बदक मरतं, इतकं ते या विषाला नाजूक आहे. शेंगदाण्याची पेंड आणि मका यांत ही बुरशी जास्त धरते. जून ते सप्टेंबर खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, पोती फळीवर ठेवा, वास आला तर फेकून द्या. पंधराशे रुपयांचं पोतं वाचवायला जाऊन पूर्ण कळप घालवू नये.

रात्री मात्र कोंडलेली बरी, एका बदकाला चार चौरस फूट जागा धरून. कोल्हा, मुंगूस, भटकी कुत्री आहेतच. दुसरं म्हणजे बदकं बहुतेक सगळी अंडी सकाळी नऊच्या आत देतात. लवकर सोडलीत तर अंडी तळ्यात पडली समजा.

मांस विकणं अवघड का आहे?

बदकाची पिसं काढणं हे वैतागाचं काम. मोठ्या पिसांखाली बारीक मऊ लव असते, अंगाला तेल असतं, पाणी आत शिरत नाही. कोंबडी साफ करायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट इथे जातो. म्हणून कोपऱ्यावरचा चिकनवाला बदक घ्यायला नाखूश असतो, आणि घेतलं तर कापणावळ जास्त सांगतो. हा खर्च धरून भाव सांगा.

दुसरी अडचण परवान्याची. कामोठे 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. कापून विकायचं तर पालिकेचे नियम आणि अन्न सुरक्षेची नोंदणी आली. आता त्यात विमानतळ आला. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू झाली. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने जनावरं कापणं किंवा आतडी-पिसांचा कचरा टाकणं याला विमान वाहतूक नियमांत मनाई आहे. कामोठे या परिघात येतं. तेव्हा इमारतीखाली टेम्पो लावून कापून द्यायचा विचार करू नका. परवानाधारक दुकानदाराशी बोलून त्याच्याकडे माल द्या, किंवा गिऱ्हाइकाकडून आधी नोंद घ्या आणि गावाजवळच्या नोंदणीकृत ठिकाणी साफ करून बर्फात घालून आणा.

तारखांचं गणित असं. 20 डिसेंबरला पेकिन विकायची असेल तर आठ आठवडे मागे, 25 ऑक्टोबरला एक दिवसाचं पिल्लू हातात हवं. अंडी उबवायला ठेवायची तर त्याच्या 28 दिवस आधी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. नोव्हेंबरात आठवण झाली तर नाताळ गेला. ईस्टर मार्चअखेर ते एप्रिलअखेर कधीही येतो, दरवर्षी कॅलेंडर बघा. आणि सण उलटल्यावर शिल्लक राहिलेलं बदक रोज खातं, वजन मात्र त्या मानाने वाढत नाही. नोंदी जितक्या, तितकीच पिल्लं घ्यायची.

बर्ड फ्लू

देशात पाळीव पक्ष्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत निघाला. जानेवारी 2025 मध्ये तर आपल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला. तेव्हा गावातले पक्षी मारले गेले आणि परिसरात विक्री बंद झाली. नियम असा की रोग सापडला की त्या जागेभोवती 1 किलोमीटर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. तुमच्याकडे एकही पक्षी आजारी नसला तरी या वर्तुळात आलात तर धंदा थांबतो.

बदकाच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. काही वेळा बदक स्वतः आजारी दिसत नाही आणि विषाणू मात्र पसरवत राहतं. रानटी बदकं थंडीत आपल्या खाडी-तळ्यांवर येतात, त्यांच्या पाण्यात पाळीव बदकं उतरली की रोग गावातल्या कोंबड्यांपर्यंत पोचायला वाट मिळते. केरळात आलप्पुळा जिल्ह्यात 2014, 2021 आणि 2024 मध्ये बर्ड फ्लूमुळे बदकांचे कळपच्या कळप मारावे लागले. 2014 चा उद्रेक तर नोव्हेंबरात, नाताळच्या तोंडावर आला होता. तिकडचा माल थांबला की इकडे टंचाई होते, हेही यातून कळतं. पण त्या वेळी लोक घाबरून खाणंही सोडतात, तेव्हा टंचाईतून पैसा होईल या भ्रमात राहू नका.

म्हणून थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बदकं खाडीकाठी किंवा पाणपक्षी उतरतात त्या तळ्यावर सोडू नका. बदकं आणि कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नका. एकदम दोन-चार पक्षी मेले तर पुरायची घाई न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, 1962 या क्रमांकावरही कळवता येतं. लपवण्यात तोटाच आहे, कारण भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. बदकांचा प्लेग हा वेगळा रोग, त्यावर लस आहे. साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात ती टोचून घेतात.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

कोंबडीच्या 50 ग्रॅमच्या अंड्यात 70-75 कॅलरी, बदकाच्या 70 ग्रॅमच्या अंड्यात 130 च्या आसपास आणि प्रथिनं 9 ग्रॅम. कोलेस्टेरॉल मात्र बरंच जास्त, एका अंड्यात 600 मिलिग्रॅमच्या पुढे. औषधी अंडं, दम्यावर इलाज, सांधेदुखीवर उपाय असलं काही सांगून विकू नका. अंडं पूर्ण उकडून किंवा नीट शिजवूनच खायचं, हाफ फ्राय नको. बदकं चिखलात वावरतात, कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. तूस वरचेवर बदललं तर अंडी मुळातच स्वच्छ निघतात, आणि बादलीत भिजत टाकून धुण्यापेक्षा ते बरं.

रानटी बदक विकू नका, घेऊ नका

थंडीत पाणथळीवर हळदी-कुंकू बदक, अडई, थापट्या, तलवार बदक दिसतात. कुणी फासे लावून धरतं आणि ‘गावठी आहे’ म्हणून विकायला आणतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली या पक्ष्यांची शिकार आणि विक्री गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. मांसाच्या दुकानदाराने असा माल घेतला तर तोही अडकतो. तुम्ही पाळीव बदकं विकत असाल तर पिल्लं घेतल्याची पावती जपून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवायला ती उपयोगी पडते.

चौकशीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी आणि रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र ही तीन ठिकाणं. जाताना दोन गोष्टी लिहून न्या: चरायला किती जागा आहे, आणि किती घरांनी अंडी घ्यायचं कबूल केलंय.